तळपायाची आग

उन्हाळ्यात आमच्या घरी जेवणं झाली की एक ठरलेला आवाज यायचा. काशाची वाटी तळव्यावर फिरतानाचा, थोडा चिकट, थोडा खरखरीत. आण्णा कॉटवर आडवे, आई पायथ्याशी बसलेली, तिच्या मांडीवर जुनं फडकं, फडक्यावर आण्णांचा पाय, आणि वाटी टाचेकडून बोटांकडे, बोटांकडून टाचेकडे. पायाला चोळण्याइतकं साजूक तूप घरात कधीच नसायचं, म्हणून खोबरेल. पाच-सात मिनिटांत तळवा काळाकुट्ट व्हायचा. मग आई वाटी दिव्याखाली धरून सगळ्यांना दाखवायची, "बघा, किती उष्णता निघाली."

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा कळलं की तो काळेपणा काशातल्या तांब्याचा. तेल, घाम आणि घासणं या तिघांच्या नादाला लागून तांबं जी काजळी सोडतं, ती. ज्याला कसलाही त्रास नाही त्याच्या पायावर वाटी फिरवली तरी पाय काळाच होतो. मी स्वतःच्या पायावर करून बघितलं आणि मोठ्या उत्साहानं आईला सांगायला गेले. ती म्हणाली, "तुझं शास्त्र शाळेत ठेव. त्यांना झोप लागतीय का नाही ते सांग."

झोप लागायची. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोलापुरात एप्रिल उजाडला की पारा ४२-४३ ला जाऊन बसतो. अशा गावात तळपायाची आग होणं ही तक्रार नसतेच, ते हवामान असतं. आम्ही पूर्व भागात राहायचो. शेजारच्या तेलुगू आजी 'अरिकाळ्ळ मंटलु' म्हणत पाय पाण्याच्या घमेल्यात सोडून ओट्यावर बसायच्या. मराठीत तर ही आग थेट मस्तकात जाते. एरवी ज्या अवयवाकडे कोणी ढुंकून बघत नाही, रागाची सुरुवात मात्र आपण बरोबर तिथून करतो. मला याची नेहमी गंमत वाटत आलीय.

आण्णा पॉवरलूमवर होते. चादरीचा कारखाना म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याखाली ओळीनं मांडलेले माग. बारा तासांची पाळी. एका मागावर धागा तुटला की तिकडं, दुसऱ्यावर कांडी संपली की इकडं. मालकानं लक्ष्मीपुढं चप्पल नको म्हणून दाराबाहेर काढायला लावलेली, त्यामुळे सगळे अनवाणी, शहाबादी फरशीवर. एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांचा चौथा हिस्सा नुसता घोट्याखाली. हे मी सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा पोरं "ओऽऽ" करतात. आण्णांच्या त्या ५२ हाडांनी चाळीस वर्षं मागांच्या मधल्या दोन हात रुंद पट्टीत येरझारा घातल्या.

आईचे पाय वेगळ्या कामाचे. ती विड्या वळायची. मांडी घालून, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. दिवसभर घोटे फरशीवर टेकलेले, त्यामुळे दोन्ही घोट्यांच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढे काळे घट्टे पडलेले. आम्ही लहानपणी त्यावर टिचकी मारायचो, तिला कळायचंही नाही. घट्टा म्हणजे कातडीनं स्वतःला दिलेलं ठिगळच. एकाच जागी सारखा दाब आला की ती तिथं जाड होत जाते. तोच दाब एखाद्या बारक्या ठिकाणी टोचत राहिला की आतल्या बाजूला खुंटी धरते, ते कुरूप. दुकानात कुरुपाच्या पट्ट्या मिळतात, त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते जाड कातडी विरघळवतं. पण चप्पल तीच राहिली तर कुरूप दोन महिन्यांत परत हजर. आणि ज्याला शुगर आहे त्यानं त्या पट्टीच्या वाट्यालाही जाऊ नये, ब्लेडच्या तर नाहीच नाही. ते ॲसिड कुरुपाशी थांबत नाही, चांगली कातडीही खातं आणि तिथं जखम करून ठेवतं.

आईच्या टाचांच्या भेगा मात्र दुखायच्या. थंडीत तर पांघरलेल्या चादरीचे धागे त्यात अडकायचे, रात्री कूस बदलताना ती कळवळून उठायची. आमच्याकडची काळी रानं उन्हाळ्यात उलतात, तिथल्या भेगांत हात जातो. तोच शब्द टाचेलाही. कारणही फार लांबचं नाही. बाकी अंगाला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी कातडीतच असतात, तळव्याला त्या नसतातच. घाम भरपूर, तेल शून्य. वरून द्याल तेवढंच. कोकणातल्या एका बाईंनी आईला कोकमतेलाचा गोळा आणून दिला होता. मेणासारखा पांढुरका, दिव्यावर पातळ करून भेगेत सोडायचा. आई ते "चरचरतंय, चरचरतंय" म्हणत सोडायची आणि आठवडाभरात चालायला मोकळी व्हायची. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, वज्रीनं हलक्या हातानं घासणं, पाय कोरडे करून लगेच तेल किंवा व्हॅसलीन, वर सुती मोजे: आजचे त्वचारोगतज्ज्ञही याहून फार वेगळं सांगत नाहीत. फार जाड टाच असली तर युरिया असलेलं क्रीम देतात, एवढंच. वज्रीनं रक्त येईपर्यंत घासणाऱ्या बायका मी पाहिल्यात. टाच म्हणजे करपलेलं पातेलं नव्हे, असं त्यांना सांगावंसं वाटतं.

आण्णांवर परत येते. पौषात सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते. बाराबंदी घातलेले भक्त नंदीध्वज घेऊन ६८ लिंगांना फिरतात, गावात चांगला गारवा असतो. त्या थंडीतही आण्णांचे पाय चादरीबाहेर असायचे. चादरीच्या गावात, स्वतः विणलेली चादर अंगावर, आणि पाय बाहेर! आम्ही त्यावर हसायचो. एकालाही असं वाटलं नाही की उन्हाळ्याची उष्णता पौषात कुठून येईल. रात्री वाढणारी, थंडीतही न विझणारी, दोन्ही पायांत सारखी होणारी आग ही नसांची हाक असू शकते, हे मला फार उशिरा कळलं. शुगरनं नसा खराब होतात तेव्हा बहुतेकदा सुरुवात सगळ्यात लांबच्या नसांपासून होते, म्हणजे पायाच्या बोटांपासून. प्रत्येक आग शुगरचीच असते असंही नाही. बी-१२ कमी असलं तरी तळवे जळतात. आण्णा माळकरी, मांस-मच्छी वर्ज्य, त्यात पुढे शुगरसाठी मेटफॉर्मिन सुरू झालं, त्यानंही बी-१२ उतरतं. त्यांना दोन्हीकडून मार होता.

शुगर सापडली ती गल्लीतल्या एका फुकट तपासणी शिबिरात. गोळ्या चालू झाल्या. आणि साधारण दोनेक वर्षांत एक चांगली गोष्ट घडली, म्हणजे आम्हाला ती चांगली वाटली. आग थांबली. पाय चादरीच्या आत गेले. आईनं वाटी धुऊन फळीवर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "इतकी वर्षं चोळली, शेवटी उष्णता संपली." आई त्या समाधानात गेली. मला आता वाटतं, बरंच झालं. कारण उष्णता संपली नव्हती, हाक मारणाऱ्या नसा मेल्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातली एक दुपार. मी शाळेतून आले तर दारापासून मोरीपर्यंत फरशीवर लाल ठिपके, एकाआड एक पावलाच्या अंतरावर. आण्णा आत निवांत पेपर वाचत बसलेले. त्यांच्या उजव्या चपलेच्या तळातून मोच्यानं मारलेली चूक अर्धा पेर वर आली होती. त्या बारक्या खिळ्याला आमच्याकडे चूकच म्हणतात. सकाळी नऊ वाजता ते बाजारात गेले होते, तिथून बँकेत, तिथून मित्राकडे. दुपारपर्यंत प्रत्येक पावलाला ती चूक अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यात शिरत-निघत होती.

"आण्णा, दुखलं नाही?"

"काय दुखायचंय?" त्यांनी खरंच विचारलं. मग पाय वळवून बघायचा प्रयत्न केला, पण पोट आणि गुडघे आड आले. "पान खाऊन कोण थुंकलंय का काय दारात, असं वाटलं मला."

ज्या दवाखान्यात त्यांची शुगर पाच वर्षं तपासली जात होती तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन, पट्टी आणि गोळ्या मिळाल्या. जखम तोंडानं मिटली आणि आतून ओलीच राहिली. दहाव्या दिवशी वास आला. मी चिडले, त्या दवाखान्यावर चिडले, पाच वर्षांत एकदाही आण्णांना चप्पल काढा म्हणून कोणी सांगितलं नाही म्हणून चिडले. तळपायाची आग मस्तकात जाणं मला त्या दिवशी समजलं. रात्री जरा शांत झाल्यावर हिशोब केला: रिपोर्टचे कागद सगळ्यांनी बघितले, पाय कोणी बघितले नाहीत, आणि या 'सगळ्यां'त मी आलेच. माझे वडील माझ्याच घरात राहतात. त्यांचे तळवे मी शेवटचे कधी पाहिले होते? आईची वाटी चालायची तेव्हा.

दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी आधी दोन्ही पाय उघडे करायला लावले. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधली. ती लागली तेव्हा म्हणाल्या, रक्त पोचतंय, नशीब समजा. मग खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं. त्याच्या टोकाला नायलॉनचा बारीक ताठ तंतू, कुंचल्याच्या एका केसासारखा. तो त्वचेवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की नेमका १० ग्रॅम दाब पडतो. ज्याला एवढाही दाब कळत नाही, त्याच्या पायाची राखण आता दुखणं करणार नाही, दुसऱ्या कोणीतरी करायची.

"बाबा, डोळे मिटा. मी पायाला लावलं की 'हां' म्हणा."

आण्णांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले, हात मांडीवर. बाईंनी अंगठ्याला टेकवलं. मग करंगळीखाली. मग चवड्यावर तीन ठिकाणी. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. आण्णांच्या कपाळावर एक आठी, काहीतरी कान देऊन ऐकावं तशी. दुसऱ्या पायाला सुरुवात झाली, तीही संपत आली. तेव्हा ते डोळे मिटूनच म्हणाले, "लावा की ओ डॉक्टर. किती वेळ बसू?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

जखम भरायला साडेतीन महिने लागले. औषधांपेक्षा अवघड भाग एकच, त्या जागेवर वजन पडू द्यायचं नाही. शाबूत पाय असलेला माणूस दुखऱ्या पायानं आपोआप लंगडतो, लंगडणं हीच त्याची मलमपट्टी. आण्णा लंगडतच नव्हते. ताठ चालायचे आणि जखम रोज नव्यानं चिरडायचे. हे कोडं आधी कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत सुटलं. वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं रोगानं आपोआप 'झडत' नाहीत; वेदना नसल्यामुळे न कळलेल्या जखमा, भाजणं आणि सततचा दाब यांनी ती जातात. १९६६ साली ते अमेरिकेत गेले आणि तेच ज्ञान पुढे मधुमेहाच्या पायांसाठी वापरलं गेलं.

त्यामुळेच बाईंनी लिहून दिलेली चप्पल तीच होती, जी सरकारी दवाखान्यात कुष्ठरुग्णांना देतात. एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची. बारीक बारीक छिद्रांचं मऊ रबर आत, कडक तळ खाली, मागे पट्टा, म्हणजे नकळत पायातून सुटणार नाही. आणि मुख्य म्हणजे सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. त्या चपलेत एकही चूक नसते.

आण्णांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि खाली ठेवली. "हे त्या लोकांचं पायताण आहे. मी घालणार नाही."

यावर मी त्यांच्याशी तीन दिवस बोलले नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. प्रत्यक्षात मला आतून तेच वाटलं होतं, लोक काय म्हणतील. दुकानदारानं पिशवीत घालून दिली तेव्हा मीही पिशवीचं तोंड मुडपून घेतलं होतं. शेवटी माझ्या मुलीनं काळ्या चामड्याचा पट्टा बसवून घेतला, "आता ही कंपनीची वाटतीय," म्हणाली, आणि आज्यानं नातीचं ऐकलं.

मध्ये कोजागिरी आली. सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रस्त्यावर रात्रभर रीघ असते. ४५ किलोमीटरच्या आसपास अंतर, पुष्कळजण अनवाणी. वाटेत चहा, केळी, पायाला तेल लावून देणारी पोरं. आण्णांनी ही वारी एकतीस वर्षं केलेली. पायाला फोड आले तर सुईनं दोरा ओवून पाणी काढायचं आणि पुढं चालायचं, असा त्यांचा खाक्या. (फोड शक्यतो फोडू नये, ती कातडीच त्यावरची सगळ्यात चांगली पट्टी. पण हे रात्री दोन वाजता तुळजापूरच्या रस्त्यावर कोणाला सांगता?) त्या वर्षी चालायचं नाही म्हटल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत धड. शेवटी एसटीनं गेलो. देवळात चप्पल नाही आणि अनवाणी पायाला डॉक्टरांची बंदी, म्हणून पांढरे सुती मोजे. पांढरेच का, तर रक्ताचा, पुवाचा डाग पडला तर दिसतो.

"मोजे घालून जाऊ आईपुढं?"

"तिला कळत नाही होय, आण्णा?"

ते काही बोलले नाहीत. पायऱ्या उतरताना एका हातानं माझा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं, बाकीच्यांना दिसू नये म्हणून, धोतराचा सोगा मोज्यांवर ओढून घेतला. पंढरपुरात लोकांच्या स्पर्शानं विठ्ठलाचे पाय झिजतात, मूर्तीला वज्रलेप करावा लागतो. मला त्या क्षणी ते आठवलं, का ते सांगता येणार नाही.

माझ्या स्वतःच्या पायाची गोष्ट त्या मानानं किरकोळ. आठ-आठ तास वर्गात उभं राहून टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं काचेवर ठेवल्यासारखी, मग हळूहळू मोकळं व्हायचं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा ताणलेला असतो, तो रात्रभर आखडतो आणि सकाळी एकदम ताण बसला की बोंबलतो. उपाय म्हणून सांगितलं काय, तर टॉवेल! अंथरुणातच पाय लांब करून बसायचं, चवड्याला टॉवेलचा फास घालायचा आणि अंगाकडे ओढून अर्धा मिनिट धरायचं, तीन-चार वेळा, खाली पाय ठेवायच्या आधी. सोलापुरी टॉवेल ओढायला एक नंबर, फाटायची भीती नाही. घरात अनवाणी फिरणं बंद केलं, चप्पल बदलली. टाच पूर्ण गप्प व्हायला सहा महिने गेले. तिच्या कुरकुरीचा आता राग येत नाही.

शाळेत जुलैमध्ये ओले बूट घालून बसलेली पोरं बोटांच्या बेचक्यात पांढरं, फुगलेलं, खाजणारं घेऊन येतात. चिखल्या. नावातच सगळं आलं. बेचके कोरडे ठेवायचे, मोजे रोज बदलायचे, बुरशीवरचं मलम बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण लावायचं. मी मधल्या सुट्टीत बूट काढून उन्हात ठेवायला लावते. वर्गाचा वास तुम्ही विचारू नका.

आता रात्री आमच्या घरी पुन्हा एक ठरलेला कार्यक्रम असतो. आण्णांचा दाढीचा आरसा खाली फरशीवर, विटकरीला टेकवून तिरका. आण्णा खुर्चीत, पाय आरशावर अधांतरी. पाणी कोमट आहे का ते मी कोपरानं बघते, त्यांच्या पायाचा आता भरवसा नाही. धुऊन, बेचक्यांतून टिपून, तळव्याला तेल. बेचक्यांत तेल घालायचं नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. मग चपलेत हात घालून आतून चाचपायची. काशाची वाटी काढली नाही मी. खरखरीत धातू आणि बधिर पाय यांची गाठ नको.

परवा ते आरशात बराच वेळ बघत बसले.

"इथं काय आहे गं? डाव्या. टाचेच्या वर."

मी वाकले. "तीळ आहे, आण्णा."

"तीळ?" ते आणखी वाकले. "मला तिथं तीळ आहे होय?"

"जुनाच दिसतोय. पुढच्या खेपेला बाईंना दाखवून ठेवू."

"तळपायाला तीळ असला की लई प्रवास घडतो म्हणत्यात." पाय त्यांनी दिव्याकडे वळवला, परत आरशाकडे आणला. "चार मागांच्या मधून कुठं गेलो गं मी?"